रविवारी दुपारनंतर फोर्ट पायी बघायचंय, सोबत आई आहे

सांगलीकर_८८:
नमस्कार मंडळी, पुढच्या रविवारी मुंबईत आहे, रात्रीची गाडी सीएसएमटीवरूनच आहे त्यामुळे दुपारी तीन ते सात मोकळे. आईला जुन्या बिल्डिंगा बघायची भारी हौस, पण तिचे गुडघे दुखतात. टॅक्सीतून बघण्यात मजा नाही म्हणते. कुठून सुरू करू?

गिरगावचा_मी:
सीएसएमटीच घ्या की आधी, बॅगा क्लोकरूमला टाका आणि समोर रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूने उभं राहून बघा, स्टेशनात उभं राहून स्टेशन दिसत नाही! गेटच्या खांबांवर सिंह आणि वाघ आहेत, सिंह ब्रिटनचा, वाघ आपला. स्टेशन १८८८ ला पूर्ण झालं आणि महापालिकेची बिल्डिंग १८९३ ची, दोन्हींचा आर्किटेक्ट एकच, स्टीव्हन्स साहेब. मग डी. एन. रोडने बिल्डिंगांच्या कमानींखालून चालायचं, सावली असते, आईंना त्रास नाही. फ्लोरा फाउंटन, हुतात्मा स्मारक करत ओव्हलला या. आणि खरी गंमत ओव्हलवर आहे. मैदानाच्या मधे उभं राहा, पूर्वेला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, १८७८ च्या आसपासचं सगळं टोकदार गॉथिक, पाठ फिरवली की पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेकोच्या गुळगुळीत गोल बाल्कन्या. दोन्ही मिळून २०१८ पासून युनेस्कोच्या यादीत. संध्याकाळी पाचनंतर ऊन थेट टॉवरवर पडतं, तेव्हाच पोचा.

फोर्टची_फेरी:
+१. फक्त जवळचा काळा घोडा हा भाग सोडू नका, डेव्हिड ससून लायब्ररीचा मालाडचा पिवळा दगड बघाच. शेजारची वॉटसन हॉटेलची बिल्डिंग आता पार खंगलीय, पण तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात बनवून इथे आणून जोडलेला, आणि १८९६ मध्ये ल्युमिए बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा तिथेच दाखवला. मला तर राजाबाईपेक्षा हीच जास्त आवडते, कुणाला पटो न पटो 😀

गिरगावचा_मी:
@फोर्टची_फेरी चार तासांत गुडघे दुखणाऱ्या बाईला काळा घोडा पण? तुम्ही चाला 😄

फोर्टची_फेरी:
अहो फ्लोरापासून दहा मिनिटं! बरं, थकल्या तर काळा घोडा राहू दे, ओव्हल ठेवा. आणि रविवारी फोर्टात बरीच हॉटेलं बंद असतात हां, चहाबिस्किटं बॅगेत ठेवा.

सांगलीकर_८८:
धन्यवाद दोघांना. राजाबाई म्हणजे कोण, आई विचारतेय.

गिरगावचा_मी:
प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याने पैसे दिले, राजाबाई त्याची आई.

सांगलीकर_८८:
आईला सांगितलं तर म्हणते, बघ, शीक काहीतरी.