मिररलेस की खिशातला कॅमेरा? किट लेन्सवर भागवणार असाल तर खिशातलाच घ्या

टिळकवाडीकर

बहिणीच्या मुलाला कॅमेरा घ्यायचाय. हातात ८० हजारांच्या आसपास आहेत. दुकानदाराने डोक्यात मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) भरवून दिलाय: कॅननचा आर५० आणि त्यासोबत येणारी १८-४५ ची किट लेन्स. मी म्हणतोय, साधारण तेवढ्याच पैशात खिशात मावणारा चांगला कॅमेरा बघ. कॅननचा जी७ एक्स मार्क ३ किंवा सोनीच्या आरएक्स१०० मालिकेतला एखादा. घरात दोन तट पडलेत, म्हणून इथे मांडतो.

सगळे सांगतात की मिररलेसचा सेन्सर (आतली प्रकाश टिपणारी पट्टी) मोठा, म्हणजे फोटो चांगला. सेन्सर मोठा आहे हे खरंच. आर५० चा २२.३ × १४.९ मिमी, या खिशातल्यांचा १३.२ × ८.८ मिमी. क्षेत्रफळात जवळपास तिप्पट. पण सेन्सरवर प्रकाश पाडते ती लेन्स, आणि किट लेन्सचं तोंड बारीक असतं. एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान: १८ मिमीला एफ ४.५, ४५ मिमीला एफ ६.३. जी७ एक्सची लेन्स सुरुवातीला एफ १.८ आणि शेवटच्या टोकाला एफ २.८. छिद्राच्या आकड्याचा वर्ग करून बघा: ४.५ भागिले १.८ म्हणजे अडीच, त्याचा वर्ग सव्वासहा. म्हणजे दर चौरस मिलिमीटरवर खिशातला सहापट प्रकाश टाकतो. सेन्सर तिप्पट लहान धरला तरी एकूण प्रकाश दुप्पट पडतो. झूम पूर्ण ताणल्यावरही पावणेदोन पटीच्या आसपास तोच पुढे राहतो.

आता आपण फोटो काढतो कुठे? आपल्या बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, त्या जुन्या जैन मंदिरात. १२०४ सालचं बांधकाम, छतावरचं ते कमळ बघायला मान वर करावी लागते आणि आत उजेड बेताचाच. हलशीच्या नरसिंहाच्या देवळात तीच गत. मिमीचा आकडा जितका लहान तितकं जास्त रुंद दृश्य मावतं. अशा ठिकाणी खिशातल्याची २४ मिमीची रुंदी मिळते, किट लेन्स फुलफ्रेमच्या (मोठ्या, ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशोबात २९ ला अडते. मंडपात मागे सरकायला भिंत सोडत नाही, तेव्हा हे पाच मिमी कळतात.

जी७ एक्सचं वजन ३०४ ग्रॅम. आर५० आणि किट लेन्स मिळून पाचशेच्या वर, आणि तो पँटच्या खिशात जात नाही.

स्टुडिओवाला

अण्णा, गणित बरोबर आहे. पण हे किट लेन्सचं गणित झालं, कॅमेऱ्याचं नव्हे.

त्याच आर५० वर कॅननची ५० मिमी एफ १.८ लावा. १६० ग्रॅमची लेन्स, मिररलेसच्या लेन्सांमध्ये सगळ्यात स्वस्तांपैकी. आता तुमच्याच पद्धतीने मोजा. तुमच्या जी७ एक्सच्या एफ २.८ च्या टोकाशी तुलना केली तर सातपट प्रकाश. पावणेदोन पटीने मागे असलेला कॅमेरा एका लेन्सने सातपट पुढे गेला. खिशातल्याची लेन्स मात्र आज आहे तीच पाच वर्षांनी. बदलायची म्हटली तर कॅमेराच बदलायचा.

आणि चेहऱ्यामागचं जे धूसर होतं ना, ज्याच्यासाठी पोरं कॅमेरा घेतात, ते खिशातल्यात जेमतेम मिळतं. लग्नात नवरीचा फोटो आणि मागे खुर्च्या, पंखे, कुणाचा तरी डबा, सगळं स्पष्ट.

टिळकवाडीकर

लेन्स घेतली तर. माझा प्रश्न तिथेच आहे. ओळखीतल्या मिररलेसवाल्यांकडे बघा. किट लेन्स लावलेली असते ती तशीच असते, कॅमेरा विकताना सुद्धा तीच असते. जो दुसरी लेन्स घेणार नाही त्याने बदलता येणाऱ्या लेन्सचे पैसे का भरायचे?

आखाड्याकाठी

काय सांगालायसा अण्णा. देऊळ काय पळून जातंय? उभं राहतंय की आपलं, निवांत काढा फोटो.

आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्तीला या एकदा तो खिशातला घेऊन. पैलवान ढाक मारतोय, दोघं हवेत, आणि तुमचा जी७ एक्स फोकस पुढं-मागं करत बसतोय. त्याचा फोकस कॉन्ट्रास्ट बघून जुळवायचा. पुढं जाऊन बघतो, मागं येऊन बघतो, मग ठरवतो. तोवर कुस्ती निकाली. आर५० माणूस ओळखून त्याच्या मागं लागतो, सोडत नाही.

सोनीचा आरएक्स१०० मार्क ७ असेल तर गोष्ट येगळी, तो सेकंदाला २० फोटो काढतोय आणि फोकस पण पक्का. पण त्याची लेन्स एफ २.८ पासून ४.५ पर्यंत. म्हणजे अण्णांचं उजेडाचं गणित तिथं गुंडाळून ठेवायचं. त्याचं २०० मिमीपर्यंतचं लांब झूम पाहिजे तर उजेड सोडा, उजेड पाहिजे तर झूम सोडा. खिशातल्यात दोन्ही मिळत नाही.

हिंदवाडीची माई

मी टिळकवाडीकरांच्या बाजूने, पण कारण वेगळं.

मोठा कॅमेरा गळ्यात घालून खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत उभं राहून बघा. भाजीवाली पदर सावरते, दुकानदार विचारतो "कुठल्या पेपरच्या?" आपल्या भागात तर हा प्रश्न लगेच येतो, कारण मोठा कॅमेरा म्हणजे बातमी, आणि बातमी म्हणजे बहुतेक भांडणाची. पुढचा प्रश्न मराठी पेपर की कन्नड. एकदा तो प्रश्न आला की फोटो गेला. माझ्याकडे रिकोचा जीआर ३ आहे, २५७ ग्रॅमचा, एकच लेन्स, २८ मिमीच्या रुंदीची, झूम नाही, फ्लॅश नाही. त्याच्याकडे कुणी बघत नाही. आणि त्याचा सेन्सर जवळपास तुमच्या मिररलेसएवढाच मोठा आहे, त्यामुळे "खिशातला म्हणजे लहान सेन्सर" ही समजूत सोडा.

तक्रारी आहेतच. बॅटरी कंपनीच्याच हिशोबाने २०० फोटोंची, त्यामुळे पर्समध्ये दुसरी ठेवावी लागते. आणि डोळ्याला लावून बघायची खिडकी नाही. राजहंसगडावर भर दुपारी पडद्यावर काही म्हणजे काही दिसत नाही, अंदाजाने काढते. जी७ एक्सलाही खिडकी नाही, हे भाच्याला सांगा. आर५० ला आहे.

निपाणी एक्सप्रेस

जाऊ दे, फोन घ्या ना राव. ८० हजारांत फोनही येतो आणि कॅमेराही त्यातच.

स्टुडिओवाला

@निपाणी, फोन त्याच्याकडे असणारच. धागा दुसरा आहे.

@माई, जीआर सुंदर कॅमेरा आहे, पण पहिला कॅमेरा म्हणून एकाच रुंदीची लेन्स? चित्ररथावरच्या शिवाजीमहाराजांचा चेहरा टिपायला रथावरच चढायला लागेल पोराला.

कणकुंबीचा पाऊस

सगळे उजेडाचं बोलताय. ओलाव्याचं कुणी बोलेना.

आमच्याकडे जूनपासून चपला, पट्टे, पुस्तकं, सगळ्यावर बुरशी. लेन्सच्या आतही धरते, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की तिला एवढंच पुरतं, आणि आमच्या घाटात पावसाळाभर ती त्याच्या कितीतरी वर. मिररलेसची एक लेन्स गेली तर ती काढून साफ करून घेता येते, नाहीच झाली तर फेकून दुसरी. खिशातल्याची लेन्स अंगातच बसवलेली. ती उघडायची म्हणजे अख्खा कॅमेरा उघडायचा, आणि बेळगावात ते काम घेणारा मिळणं कठीण. माझा एक असाच गेला. दुरुस्तीचा खर्च ऐकून कपाटात ठेवला.

दुसरं, ती आत-बाहेर सरकणारी लेन्स. प्रत्येक वेळी बाहेर येताना हवा आत ओढते, हवेबरोबर धूळ. जिल्ह्याच्या एका टोकाला आमचा पाऊस आणि दुसऱ्या टोकाला अथणीचा फुफाटा. दोन्ही त्या लेन्सला वाईट. मिररलेसच्या सेन्सरवर धूळ बसली तर लेन्स काढून हवेचा फुगा मारता येतो. जीआरच्या सेन्सरवर बसली तर माई काय करणार?

पण आर५० वाल्यांनीही खूश होऊ नये. त्यालाही पाण्यापासून संरक्षण नाही. गोकाकला झुलत्या पुलावर पावसाळ्यात तुषार उडतात तिथे दोघेही पिशवीतच. तिथे चालतो तो ऑलिंपसचा टीजी-६ सारखा, १५ मीटर पाण्यात बुडवला तरी काही होत नाही. मात्र त्याचा सेन्सर तुमच्या खिशातल्याच्याही चौथ्या हिश्श्याचा. धबधबा छान येतो, संध्याकाळी घरात काढलेला फोटो बघवत नाही.

कुठलाही घ्या, पण हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक आधी घ्या. कातडी पिशवीत ठेवू नका, कातडंच ओल धरतं.

भाचाच मी

मामा, धागा काढलात तो मला व्हॉट्सॲपवर तिसऱ्याच माणसाने पाठवला.

मला कुणी विचारलं नाही म्हणून सांगतो. मला शिवजयंतीचे चित्ररथ काढायचेत आणि गणपतीची मिरवणूक, कपिलेश्वर तलावापर्यंत. रात्रीचं सगळं. देवळं नंतर.

टिळकवाडीकर

रात्रीचं म्हणतोस तर एफ १.८ तुलाच लागणार की रे.

स्टुडिओवाला

रात्रीचं म्हणतोय तर ५० मिमी त्यालाच लागणार.

भाच्या, नीट ऐक. रात्रीच्या मिरवणुकीत अडचण दोन गोष्टींची. लेझीम खेळणारी पोरं हलत असतात, त्यांना थिजवायला सेकंदाचा २५० वा भाग तरी शटर लागतं. तिथे मामांच्या खिशातल्यातलं हात स्थिर ठेवणारं यंत्र उपयोगाचं नाही, ते तुझ्या हाताची थरथर थांबवतं, पोरांची नाही. तिथे फक्त प्रकाश कामाला येतो. म्हणून ५० मिमी.

दुसरी अडचण दिव्यांची. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण २५० व्या भागाला मिररलेसमध्ये फोटोवर आडवे पट्टे उमटू शकतात, कारण त्याचं शटर सेन्सरवरून सरकत जातं. इथे, मामांच्या बाजूने बोलतो, खिशातला चांगला. त्याचं शटर लेन्समध्येच असतं, पाकळ्यांचं, सगळी चौकट एकदम उघडते. पट्टे येत नाहीत, फार तर एक फोटो उजळ आणि एक अंधारा येतो. मिररलेस घेतलास तर पट्टे दिसले की १०० व्या भागावर ये, थोडी हालचाल पुसट आली तर येऊ दे. लेझमाला ती शोभते.

हिंदवाडीची माई

स्टुडिओवाले, ५० मिमी तुमच्या कॅमेऱ्यावर ८० मिमीएवढी अरुंद होते ना? चित्ररथ पुढून येतोय, माणसं खांद्याला खांदा लावून उभी, रामदेव गल्लीतून मागे सरकायला जागा कुठे? त्याला चेहरा मिळेल, रथ मिळणार नाही. रथासाठी पुन्हा किट लेन्स लावणार, ती एफ ४.५. गर्दीत ढकलाढकलीत लेन्स बदलणार, वर गुलाल उडतोय. कणकुंबीकर आता धुळीचं बोला.

कणकुंबीचा पाऊस

गुलालात लेन्स बदलू नये. माई बरोबर.

आखाड्याकाठी

मग घरातनंच ५० लावून जा म्हणावं. रथ काय, सगळ्यांच्या फोनमध्ये असतोय. रथावरच्या पोराच्या डोळ्यातलं फोनला येत नाही.

टिळकवाडीकर

बघा, आता तुम्हीच म्हणताय की मिररलेसवर एक लेन्स लावून जायचं आणि ती बदलायची नाही. म्हणजे बदलता न येणारी लेन्स झाली, अर्धा किलोची. माझा खिशातला तेच काम २४ ते १०० पर्यंत करतो, गुलालात.

५० मिमी सातपट पुढे आहे हे मी नाकारत नाही. भाच्याने आजच्या आज किट लेन्स नको म्हणून फक्त बॉडी आणि ५० घेतली तर मी गप्प बसतो. पण दुकानदार त्याला किटच देणार आणि वर पिशवी, ट्रायपॉड, मेमरी कार्ड "फुकट". फुकटच्या ट्रायपॉडला लेन्सचे पैसे गेले.

आणि जी७ एक्स मिळणं सध्या अवघड आहे हे खरं, रील करणाऱ्यांनी त्याचा भाव चढवून ठेवलाय. कुणी बिलाशिवाय आणून देतो म्हणाला तर घेऊ नये, वॉरंटी नसते.

स्टुडिओवाला

फक्त बॉडी मिळाली नाही तर किट घे आणि १८-४५ विकून टाक, घेणारे असतात. मामांची अट पूर्ण.

अण्णा, वाद मिटत नाही तर रविवारी सकाळी तुमचा खिशातला घेऊन किल्ल्यात या. मी आर५० आणि ५० आणतो. कमल बस्तीत एकाच जागेवरून दोघांनी काढायचं, भाच्याने बघून ठरवायचं.

टिळकवाडीकर

५० घेऊन कमल बस्तीत? छताचं कमळ अर्धंच येईल तुमचं. या, जरूर या.

आखाड्याकाठी

बस्तीत नको. अण्णा तिथं जिंकणार म्हणूनच हो म्हणालेत. संध्याकाळी शहापूरला या, पोरं सरावाला असतात, दिवे पण आहेत.

भाचाच मी

मी दोन्हीकडे येतो. मामा, गाडी तुमची.