मदत हवी आहे: जेनकिन्सची टोकन्स सहकाऱ्याच्या नावावर, आणि तो नोकरी सोडतोय

मंडळी, आमच्याकडे जेनकिन्स (कोडपासून प्रोग्राम तयार करण्याचं काम, म्हणजे बिल्ड, आपोआप करणारं सॉफ्टवेअर) गिटहबवरून (आमचा कोड ठेवायची जागा) कोड उचलतं आणि बिल्ड झालं की जिरातल्या (कामांची नोंद ठेवायचं साधन) तिकिटावर कॉमेंट टाकतं. दोन्हीकडची टोकन्स (पासवर्डऐवजी वापरायच्या किल्ल्या) एकाच सहकाऱ्याच्या खात्यातून काढलेली. त्याचा नोटीस पिरियड चालू आहे. खातं बंद झालं की बिल्ड्स झोपणार.

गिटहबचं टोकन क्लासिक प्रकारचं, 'रेपो' (कोडचा साठा) स्कोपवालं, म्हणजे तेवढी अधिकारांची व्याप्ती असलेलं. म्हणजे सहकाऱ्याला जिथे जिथे लिहिता येतं तिथे टोकनलाही येतं, पगाराच्या कोडसकट! जेनकिन्सला दोन-चार रेपो नुसते वाचायचे असतात. फाइन-ग्रेन्ड टोकनमध्ये रेपो निवडून फक्त वाचण्याची परवानगी देता येते, पण तेही कुणाच्या तरी नावावरच निघणार. आज त्याच्या, उद्या माझ्या. हे लचांड मला माझ्या गळ्यात नकोय.

बॉटसाठी वेगळं खातं काढलं तर एक सीट (पैसे भरावी लागणारी वापरकर्त्याची जागा) वाढते, मॅनेजर विचारणारच. मग गिटहब ॲप (गिटहबमध्ये स्वतःची वेगळी ओळख असलेली जोडणी) करावं का? आणि जिरा क्लाउडच्या टोकनची मुदत आता जास्तीत जास्त एक वर्ष असते, त्याचं काय करता?

('टोकन जेनकिन्सफाइलमध्येच, म्हणजे कोडसोबत असणाऱ्या बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्येच लिहून टाक' असं कृपया सुचवू नका. आधी तिथेच होतं, आता क्रेडेन्शियल्समध्ये, म्हणजे जेनकिन्सच्या गुपितं ठेवायच्या कप्प्यात हलवलंय.)

प्रतिसाद १
ॲपच करा, सीट लागत नाही. फक्त ते ऑर्गनायझेशनच्या (कंपनीच्या गिटहबवरच्या सामायिक खात्याच्या) मालकीचं ठेवा. ॲपची प्रायव्हेट की जेनकिन्सच्या क्रेडेन्शियल्समध्ये ठेवायची, तिच्यावरून निघणारं टोकन तासाभरात बाद होतं. एक खोच आहे: गिटहबकडून मिळालेली पेम फाइल (तीच प्रायव्हेट की) आधी ओपनएसएसएल या साधनाने पीकेसीएस-८ या स्वरूपात बदलून घ्या, नाहीतर जेनकिन्स कुरकुरतं.

जिराला मात्र वेगळं खातं काढा. साध्या टोकनला खात्याचे सगळे अधिकार मिळतात, म्हणून त्या खात्यालाच प्रोजेक्ट बघणं आणि कॉमेंट टाकणं एवढंच द्या. मुदतीची तारीख टीमच्या कॅलेंडरमध्ये, एकट्याच्या नव्हे.

आणि जेनकिन्सफाइलमधून काढलेलं टोकन गिटच्या इतिहासात (कोडच्या जुन्या आवृत्त्यांत) अजून बसलंय. नवीन जोडणी चालली की ते लगेच रद्द करा, सहकाऱ्याच्या शेवटच्या दिवसाची वाट बघू नका.

धागाकर्ता
धन्यवाद! पण ऑर्गनायझेशनचं ॲप बनवायला ओनर (ऑर्गनायझेशनचे सगळे अधिकार असलेला) लागतो ना? आमच्याकडे ओनर तो नोकरी सोडणारा सहकारीच एकटा आहे.

प्रतिसाद २
मग बाकी सगळं सोडा, आधी त्याच्याकडून दुसरा ओनर नेमून घ्या. आजच.