तळघर, लाल गहू आणि नऊ पोरांचं मॉर्मन घर (तुमचेही अनुभव सांगा)

तळघरवाली

काल माळा आवरताना बिस्किटांच्या जुन्या डब्यात एक पिवळा पडलेला कागद सापडला. अर्धगोल, पंख्यासारखा तक्ता. मधे माझं नाव, वर आईबाबा, त्यांच्या वर चार आजीआजोबा आणि सगळ्यात वर पणजीपणजोबांची आठ घरं. त्यातली चार पुरुषांची भरलेली. चार बायकांची कोरी.

हा कागद १९८७चा. लग्नाला सहा महिने झालेले, नवरा युटामधे लोगनला इरिगेशन इंजिनिअरिंग करत होता. आम्ही एका मॉर्मन (तिकडचा एक ख्रिस्ती पंथ) कुटुंबाच्या तळघरात भाड्याने राहायचो. वर नवरा, बायको, नऊ मुलं. थोरला मिशनवर, म्हणजे चर्चच्या धर्मप्रचाराला, कोरियात, धाकटी दीड वर्षाची. मी घरात एकुलती एक वाढलेली, मला पहिला महिनाभर डोक्यावर सतत कुणीतरी फर्निचर हलवतंय असं वाटायचं.

तळघराचा अर्धा भाग आमचा, अर्धा त्यांच्या धान्याचा. वर्षभर पुरेल एवढं साठवून ठेवा असं त्यांच्या चर्चचं सांगणं असायचं, आणि बाई ते अक्षरशः पाळायच्या. फळीवर ओळीने बरण्या: पीच, टोमॅटो, घेवडा, प्रत्येकीवर वर्ष. खाली गव्हाचे पत्र्याचे डबे. मी कणकेसाठी कासावीस झाले होते. दुकानात मिळायचा तो मैदाच, पोळ्या रबरासारख्या व्हायच्या. एक दिवस वरून घरघर ऐकू आली म्हणून गेले तर स्वयंपाकघरात विजेची घरगुती चक्की! बाई लाल गहू दळत होत्या. मी त्या गरम पिठात हात घातला आणि तिथेच रडले. त्यांना वाटलं मला भाजलं.

त्यानंतर दर शनिवारी माझा डबा वर जायचा आणि भरून यायचा. त्या गव्हाच्या पोळ्या जरा तांबूस व्हायच्या, पण पोळ्या होत्या.

दर सोमवारी संध्याकाळ फक्त घरच्यांची. फ्रीजवर एक लाकडी फळी, तिला खिळे, खिळ्यांवर पोरांच्या नावांच्या चकत्या. आज प्रार्थना कोण सांगणार, गोष्ट कोण, खाऊ कोण करणार. चकत्या दर आठवड्याला एक खिळा पुढे सरकायच्या. तशाच एका सोमवारी त्यांनी आम्हालाही वर बोलावलं आणि हा तक्ता पुढ्यात ठेवला. त्यांचा स्वतःचा तर आठ पिढ्या भरलेला, डेन्मार्कपर्यंत. मला म्हणाल्या, तुझ्या आईच्या आजीचं माहेरचं नाव सांग.

मी गप्प. आमच्याकडे वंशावळ आहे हो, अकरा पिढ्यांची, पण सगळे बापे. बायका कुठेतरी 'भार्या' म्हणून.

कुणी असं कुटुंब जवळून पाहिलंय का? लिहा.

भुईमूग

नऊ?? आमच्या आजीला अकरा. फक्त आजी फळीवर चकत्या लावत नव्हती, दिसेल त्याच्या पाठीत धपाटा घालायची.

लेहायकर

मी सध्या तिकडेच, युटाची राजधानी सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला. आयटीवाले आपले बरेच आहेत आता. आम्ही सामान उतरवून दोन तास झाले नसतील, दारात तीन कुटुंबं. एकाने कुकीज, एकाने ब्रेड, तिसऱ्याच्या सहा पोरांनी आमचा सोफा उचलून आत नेला. मुलगा विचारतो, बाबा हे आपले कोण?

समोरच्यांची गाडी पंधरा सीटची, शाळेची बस वाटते. रविवारी सकाळी टाय लावलेली पोरं त्यात उंचीप्रमाणे चढतात.

चहाचा गोंधळ सांगतो. पहिल्यांदा घरी बोलावलं तेव्हा बायकोने आलं-वेलची घालून झक्क चहा केला. सगळे हसून नको म्हणाले. आम्हाला वाटलं जातपात पाळतात की काय. मग कळलं, चहा, कॉफी, दारू, तंबाखू काहीच नाही, १८३३पासूनची शिकवण. आता त्यांना पन्हं देतो. पोरं जग संपवतात.

ठाणेकर_सून

@लेहायकर चहा नको पण कोकचे टमलेर चालतात ना त्यांना? माझ्या तिथल्या मैत्रिणीच्या गाडीत कायम लिटरभराचा ग्लास, त्यात नारळाचं सिरप आणि क्रीम. तिकडे त्याची वेगळी दुकानं आहेत म्हणे.

लेहायकर

चालतात. आणि दुकानाबाहेर गाड्यांची रांग आपल्या अमृततुल्यसारखीच.

मेसाची_धाकटी

मी तर लग्न करून त्यात पडले, त्यामुळे लांबण लागणार. पोळ्या करता करता लिहितेय, चुका माफ.

नवरा सात भावंडांतला सहावा, अॅरिझोनात मेसाला माहेर... म्हणजे त्याचं घर. मी धर्म बदलला नाही, तोही आता जात नाही. पण कुटुंब ते कुटुंब. सासूबाईंना 'मॉर्मन' म्हटलेलं आवडत नाही आता, २०१८ साली अध्यक्षांनी चर्चचं पूर्ण नाव वापरा म्हणून सांगितलं तेव्हापासून. त्या म्हणताना नियमित चुकतात आणि स्वतःलाच दटावतात.

दर दोन वर्षांनी कुलसंमेलन. गेल्या वेळी १४० माणसं, आणि टीशर्टांचे तीन रंग. मी विचारलं, टीम आहेत का? नवरा म्हणाला, बायका आहेत. खापरपणजोबांच्या! पहिलीकडचे निळे, दुसरीकडचे हिरवे, आम्ही तिसरीकडचे, पिवळे. बहुपत्नीत्व चर्चने १८९०मधे अधिकृतपणे बंद केलं, त्याआधी सरकारी मार्शल घरोघर शोधत फिरायचे. तेव्हा तिसरीला पोरांसकट मेक्सिकोत धाडलं, तिथे त्यांच्या वसाहती होत्या. १९१२मधे मेक्सिकोतल्या क्रांतीच्या धामधुमीत बायकापोरांना रेल्वेत बसवून एल पासोला आणलं, घरंदारं तिथेच राहिली. तिची डायरी आहे सासूबाईंकडे. मी हातात घेतलीय. पेन्सिलीने लिहिलेली, आणि अर्ध्या पानांवर कोंबड्यांचा हिशोब. नवऱ्याबद्दल एकच ओळ सापडली, तो आला, दोन दिवस राहिला, कुंपण दुरुस्त केलं.

त्या एका ओळीवर सासूबाई आणि मी तासभर बोललो. त्यांना त्यात श्रद्धा दिसते. मला कुंपण दिसतं.

आणखी लिहायचंय, तवा जळतोय.

पिंपळपान

"मला कुंपण दिसतं" 🙏

भुईमूग

तीन रंगांचे टीशर्ट ही कल्पना आमच्या भाऊबंदकीला सुचवतो. कोर्टात ओळखायला सोपं जाईल.

जुना_भिडू

अवांतर, पण राहवत नाही. या लोकांचा पुण्याशी फार जुना संबंध. १८५२मधे ह्यू फिंडले नावाचा त्यांचा मिशनरी मुंबईत उतरला आणि मग पुण्याला छोटी शाखा काढली. तो मुख्यतः लष्करातल्या गोऱ्यांमधे फिरायचा, तर कॅन्टोन्मेंटमधल्या अधिकाऱ्यांनी त्याला प्रचार करायला बंदी केली. फार काही रुजलं नाही. म्हणजे सॉल्ट लेक वसून जेमतेम पाच वर्षं झालेली (त्यांचा पुढारी ब्रिगहॅम यंग तिथे पोचला २४ जुलै १८४७ला), आणि ही मंडळी कॅम्पात हजर!

लेहायकर

२४ जुलैला इथे सुट्टी असते, मिरवणूक, फटाके. ४ जुलैपेक्षा जास्त दणका. पोरं हातगाड्या ओढतात, कारण १८५६ ते ६० दरम्यान गरिबांनी सामान हातगाडीवर लादून शेकडो मैल पायी मजल मारली होती. पहिल्याच वर्षी दोन तांडे उशिरा निघाले आणि वायोमिंगच्या बर्फात अडकले, दोनशेहून जास्त माणसं गेली. समोरच्या आजोबांचे कुणीतरी त्यातले. पायाची बोटं गमावलेली सात वर्षांची पोर, ती पुढे ब्याऐंशीपर्यंत जगली. हे सांगताना त्यांचा आवाज आपल्याकडे वारीचं सांगताना होतो तसा होतो.

शेवंता

काहीतरी वेगळं लिहू का? सगळं गोडगोड चाललंय म्हणून. माझी रूममेट त्यातली. तिचं लग्न सॉल्ट लेकच्या मंदिरात. मी हौसेने साडी नेसून गेले, तर आत फक्त ज्यांच्याकडे चर्चचं शिफारसपत्र आहे त्यांनाच प्रवेश. मी बाहेरच्या बाकावर. शेजारी तिचे दोन धाकटे भाऊ, वयामुळे बाहेर. आणि त्यांच्या शेजारी तिचे वडील. त्यांनी कॉफी आणि चर्च दोन्हीबाबत आपली वाट धरली होती. सख्ख्या मुलीचं लग्न, बाप बाहेर. ते सारखे घड्याळ काढून पुसत होते. धाकट्याने माझ्या साडीच्या निऱ्या मोजल्या, आठ.

ती बाहेर आली तेव्हा तिने आधी वडिलांनाच मिठी मारली. पण मला तो तास विसरता येत नाही. २०१९नंतर बरं झालंय म्हणे, आधी सगळ्यांसमोर साधं लग्न करून मग लगेच मंदिरात जाता येतं. आधी अमेरिकेत तसं केलं तर मंदिरासाठी वर्षभर थांबावं लागायचं.

मेसाची_धाकटी

@शेवंता खरंय. माझ्या मोठ्या दिरांनी चर्च सोडलं. कुणी भांडलं नाही. रविवारच्या जेवणाला अजून येतात, सासूबाई त्यांच्या आवडीचा रोस्टच करतात. फक्त जेवणाआधी प्रार्थना सांगायला त्यांना कुणी सांगत नाही. सासरे यादीतून त्यांचं नाव वगळून पुढे जातात, आणि ते ताटाकडे बघतात.

निर्मळ_मनोहर

जेवू घालतात, सोफे उचलतात, मग त्यांचं धर्मपुस्तक हातात देतात. कुकीज फुकट नसतात.

तळघरवाली

@निर्मळ_मनोहर दिलं होतं पुस्तक. आम्ही नको म्हटलं. पुढच्या शनिवारी पीठ आलंच. प्रत्येकाचा अनुभव असाच असेल असं नाही, मान्य. एका ओळखीच्यांच्या मुलीला वर्गातल्या सगळ्यांच्या वाढदिवसाची बोलावणी चर्चमधेच वाटली जायची आणि ही तिथे नसायची. तेही खरं.

बरं, त्या कोरियातल्या थोरल्याचं राहिलं. दोन वर्षं घरी यायचं नाही आणि फोन फक्त ख्रिसमसला. फोन आला तेव्हा सगळी पोरं उंचीप्रमाणे रांगेत, आई अंडी उकडायची वाळूची घटिका हातात धरून. एकाची वाळू संपली की दुसऱ्याने रिसीव्हर घ्यायचा. धाकटीला तो माहीतच नव्हता, ती आपली फोनला "बाय" म्हणून पळाली. आईची पाळी शेवटी. बाईंनी घटिका उलटी केली, आणि बोलल्याच नाहीत. वाळू संपेपर्यंत नुसतं ऐकलं.

आता दर आठवड्याला व्हिडिओ कॉल करता येतो म्हणे, २०१९पासून.

पिंपळपान

अगं बाई.

गव्हाळ

गहू इतकी वर्षं टिकतो कसा पण? आमच्याकडे एरंडेल लावून, कडुनिंबाचा पाला घालूनही पावसाळ्यात पोरकिडे होतातच.

ठाणेकर_सून

@गव्हाळ उन्हं द्या आधी चांगली दोन दिवस. आणि पत्र्याच्या कोठीत भरा, प्लास्टिकच्या नको.

तळघरवाली

त्यांच्याकडची हवा कोरडी ठणठणीत, आणि डबे हवाबंद केलेले.

गव्हाळ

इथे सावंतवाडीत कोरडं काय ते फक्त नळाचं तोंड, तेही मे महिन्यात.

उपाशी_भगत

त्यांचा महिन्याचा पहिला रविवार उपासाचा असतो. दोन वेळचं जेवण सोडायचं, पाणीसुद्धा नाही, आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी चर्चमधे द्यायचे. मी एकदा त्या संध्याकाळी जेवायला होतो. बटाट्याची चीज घातलेली परात, हॅम, पाव, आणि हिरव्या जेलीत किसलेलं गाजर. एकादशी आणि दुप्पट खाशी!

ठाणेकर_सून

जेलीत गाजर??

लेहायकर

होय. आणि युटाने जेलोला २००१मधे राज्याचा अधिकृत खाऊ ठरवलंय. त्या बटाट्यांना तर अंत्यविधीचे बटाटे म्हणतात, कुणी गेलं की चर्चच्या बायका त्या घरी आधी हेच पोचवतात.

भुईमूग

म्हणजे पिठलंभात.

जुना_भिडू

मूळ तक्त्याकडे येतो. ते एवढे मागे लागतात कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे मेलेल्या पूर्वजांच्या नावानेही मंदिरात बाप्तिस्मा करता येतो, मग पूर्वजाने तो स्वीकारायचा की नाही हे त्याचं त्याने ठरवायचं. नाव नसेल तर विधी कुणाचा करणार? म्हणून जगभरच्या नोंदी जमवल्या. सॉल्ट लेकजवळ ग्रॅनाइटचा डोंगर पोखरून तिजोरी केलीय, तिच्यात मायक्रोफिल्मची सुमारे २४ लाख रिळं. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचंही चित्रण त्यांनी करून ठेवलंय. त्यांच्या साइटवर फुकट बघता येतं बरंच काही.

घराण्याची चौकशी करायची तर आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला जा, तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या असतात. फक्त गाव आणि आडनाव नीट सांगा.

शेवंता

गेले होते. आजोबांची सही बघितली मोडीत, अंगावर काटा आला. आजीचं नाव होतं, पण सासरचं.

तळघरवाली

हा धागा वाचून आज सकाळी आत्याला फोन केला. वय ८८, कानाचं यंत्र लावून. विचारलं, तुझ्या आजीचं माहेरचं नाव काय गं? म्हणाली, कशाला हवंय, जमीनबिमीन निघाली का? मग बराच वेळ थांबून, "ठकू. माहेरची माणसं आली की ठकू म्हणायची. आमच्या घरात त्या नावाने हाक मारायची सोय नव्हती."

आडनाव नाही आठवलं तिला. गाव आठवलं, संगमेश्वराजवळचं.

बॉलपेनने लिहिलंय घरात. तीन अजून कोरी.

मेसाची_धाकटी

ठकू 🙂 सासूबाईंना सांगितलं. त्या विचारतायत, जन्माचं साल अंदाजे किती?

ठाणेकर_सून

त्या बटाट्यांची कृती टाका ना कुणीतरी. माणूस न मरता केले तर चालतात का?