मदत हवी आहे: ब्रेक्झिटमधला आयर्लंडच्या सीमेचा घोळ

मंडळी, राज्यसेवेच्या मुलाखतीची तयारी करतेय आणि दोन दिवस एकाच गाठीशी झटतेय. 2016 चं सार्वमत, 31 जानेवारी 2020 ला ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर, इथवर ठीक. गाडी अडते ती आयर्लंडपाशी.

उत्तर आयर्लंड (ब्रिटनचा भाग) आणि आयर्लंड प्रजासत्ताक (अजून युरोपीय संघात) यांच्यातली सीमा जवळपास 500 किलोमीटर. नकाशा मोठा करून पाहिला, तर रेघ सरळ शेतांमधून जाते. एका ठिकाणी एकच रस्ता थोड्या अंतरात चारदा सीमा ओलांडतो! तिथे पुन्हा नाके नकोत म्हणून मालाची तपासणी ‘समुद्रात’ नेली, म्हणजे खरं तर उत्तर आयर्लंडमधल्या लार्न-बेलफास्टच्या बंदरांवर, ब्रिटनमधून तिथे येणाऱ्या मालासाठी.

आता प्रश्न. 1998 चा गुड फ्रायडे करार (उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवणारा शांतता करार) चाळला. लष्करी ठाणी काढण्याचं त्यात आहे, पण जकात तपासणीवर थेट बंदी मला काही दिसली नाही. मग जमिनीवरचा नाका म्हणजे करारभंग, हे कशाच्या आधारावर म्हणतात? उलट युनियनिस्ट (उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्येच राहावं असं मानणारे) म्हणतात, समुद्रातली रेघच करार मोडते. आणि 2023 च्या विंडसर फ्रेमवर्कमधल्या (ब्रिटन आणि युरोपीय संघातला नवा करार) हिरव्या-लाल मार्गिकांनी (उत्तर आयर्लंडमध्येच राहणाऱ्या मालाला हिरवी, पुढे युरोपीय संघात जाऊ शकणाऱ्याला लाल) हा वाद मिटला, की नुसता थंडावला?

कोणी सोप्या मराठीत सांगेल का? विकिपीडियाची लिंक नको, ती वाचूनच डोकं फिरलंय.