मदत हवी आहे: घरगुती पाळणाघरवाल्यांची संघटना रजिस्टर कशी करायची? (कोल्हापूर, अर्जंट)

चिऊचं_घर
नमस्कार. डायरेक्ट विचारते, वेळ नाही. आम्ही कोल्हापुरात घरी पाळणाघर चालवणाऱ्या बायका, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, तो आता रजिस्टर करायचाय. कुठं करतात, किती खर्च, सोमवारच्या आत होईल का? एका ऑफिसात जाऊन आले, तिथला माणूस मलाच विचारतोय ट्रस्ट का सोसायटी का गट, अहो तेच विचारायला आले होते ना मी. गुगल केलं तर नुसते एजंटचे नंबर. कृपया माहिती असेल त्यांनीच लिहा.

पेठेतला_गडी
आज शुक्रवार आहे ताई. सोमवारपर्यंत अर्जाची झेरॉक्स होईल फक्त. किती जणी आहात?

बिनसाखरेचा_सहकार
हितं विचारायची गरजच नाही, सहकारी संस्था काढा. ज्या जिल्ह्यात गल्लीगल्लीत दूध संस्था आन् पतसंस्था हाय तिथल्या बायकांनी ट्रस्ट काढावा म्हणजे रंकाळ्याकाठी राहून टँकर मागवल्यासारखं झालं. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा 1960, दहा सभासद लागतात, उपनिबंधकाकडं प्रस्ताव. मी स्वतः दोन संस्था काढल्यात, एक अजून चालू आहे.

आजी_ऑनलाईन
आमच्या वेळी पाळणाघर नव्हतं. शेजारची काकू होती, पैसे घ्यायची नाही, उलट पोर जेवून यायचं. आता सगळ्याचं दुकान झालं.

चिऊचं_घर
@आजी_ऑनलाईन त्या काकूंना बाराही महिने सकाळी आठ ते संध्याकाळी सात सहा पोरं सांभाळायला सांगितली असती तर त्यांनीही पैसे घेतले असते आजी. राग नाही, पण हेच ऐकून कंटाळलोय. "घरीच तर असतेस, दोन पोरं जास्त झाली तर काय बिघडलं." म्हणून तर एकत्र यायचंय.
@पेठेतला_गडी ग्रुपवर 19, मीटिंगला आल्या 6. बाकीच्यांची मुलं उठली होती.

बचतगट_ताई_9
बचत गट करा, महापालिकेत शहरी उपजीविका अभियानाचं काम बघणारे लोक बसतात तिथं जा, दहा ते वीस जणींचा गट चालतो, बँकेत खातं निघतं. आमचा गट अकरा वर्षं चालू आहे. सहकारी संस्थेत निवडणूक, ऑडिट, वार्षिक सभा, मग कुणाचा तरी नवरा येऊन चेअरमन होतो.

बिनसाखरेचा_सहकार
कुणाचा नवरा? नाव घ्या की.

बचतगट_ताई_9
ज्याला लागलं त्याचा.

आकडेमोड_घाटगेवाडा
दोघं जरा थांबा. ताई, रजिस्टर कशासाठी करायचंय ते तुम्ही सांगितलेलंच नाही. सरकारकडून काही मागायचं आहे का, बिल्डिंगच्या सोसायटीवाले त्रास देतायत का, एकमेकींना सुट्टीच्या दिवशी मदत करायची आहे का, की धंदा एकत्र करायचाय? प्रत्येकाला वेगळा कागद लागतो. आणि सोमवारी काय आहे?

चिऊचं_घर
सोमवारी कंपनीत जायचंय. शिरोली एमआयडीसीत एक कंपनी आहे, नाव नको, त्यांच्याकडं बायका बऱ्याच कामाला आहेत आणि त्यांना म्हणे पाळणाघराची सोय द्यावी लागते. एचआरच्या मॅडमची मुलगी माझ्याकडं असते, त्यांनी विचारलं तुम्ही सगळ्या मिळून मुलं घ्याल का, कंपनी फी देईल. पण बिल एकाच नावानं पाहिजे. बारा वेगवेगळी बिलं अकाउंट्सवाला पास करत नाही म्हणाल्या.

पेठेतला_गडी
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं 😂

चिऊचं_घर
मला वाटलं ते उघडच आहे.

आकडेमोड_घाटगेवाडा
आता कळलं. मग सोसायटी, म्हणजे 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याची संस्था, तुमच्या कामाची नाही. ती सात जणांत होते हे खरं, पण आपल्या राज्यात ती धर्मादाय आयुक्तांकडं ट्रस्ट म्हणूनही नोंदवावी लागते आणि उरलेले पैसे सभासदांत वाटून घेता येत नाहीत. तुम्हाला तर प्रत्येकीला तिच्या मुलांमागं पैसे मिळायला हवेत. सहकारी किंवा भागीदारी, नाहीतर गटाच्या नावानं पॅन काढून चालवायचं. जीएसटीची भीती कुणी घातली तर घाबरू नका, सेवेसाठी वर्षाला 20 लाख उलाढालीच्या आत नोंदणीची सक्ती नाही. पण सगळ्यांचं मिळून एका नावावर बिल गेलं की सगळ्यांची उलाढाल त्याच नावावर मोजली जाते, हेही लक्षात ठेवा.

गोल्डन_सीसीटीव्ही_उद्यमनगर
पाळणाघरांसाठी चार कॅमेरा सेट, पालकांना मोबाईलवर लाईव्ह, फिटिंग फ्री. इनबॉक्स करा.

शिफ्टवाली_आई
मी शिरोलीतच एका दुसऱ्या कारखान्यात आहे म्हणून लिहिते. 2017 ला मातृत्व लाभ कायदा बदलला, 26 आठवडे रजा आली ती सगळ्यांना माहीत आहे, त्याच बदलात 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय आली. 50 बायका नव्हे, 50 कर्मचारी, पुरुष धरून. आमच्याकडं एक साहेब ठणकावून सांगत होते बायका फक्त 31 आहेत, लागू नाही. नवे कामगार कोड 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाले, त्यातही 50 च आहे. आता मुद्दा असा की आईला दिवसातून चार वेळा मुलाकडं जाऊ द्यायचं असं त्यात आहे. राजारामपुरीतल्या घरात मूल ठेवलं तर शिरोलीहून चार वेळा कोण येणार? पुलावर ट्रॅफिक एकदा बघून या. पावसाळ्यात तर पंचगंगेला पाणी चढलं की हायवेच बंद, 2019 ला आणि 2021 ला आपण बघितलंय, पोर अलीकडं आणि आई पलीकडं. तेव्हा कंपनीला आधी विचारा की हे कायद्याची अट म्हणून दाखवणार आहात की बायकांना वरची मदत म्हणून देणार आहात. आणि लेखी घ्या. उद्या इन्स्पेक्शनला बसलं नाही तर ते हात वर करतील आणि तुम्ही मुलं घेऊन बसाल.

चिऊचं_घर
बापरे. हे मला सुचलंच नव्हतं. आमच्यातल्या चौघी शिरोली पुलाची गावच्याच आहेत, तिथं आधी द्यावी का मुलं?

शिफ्टवाली_आई
हो, आणि ज्यांची आई दुसऱ्या पाळीला असते त्यांचं आधी बघा. रात्री दहाला पोर घ्यायला येणार, तेवढा वेळ कोण ठेवतं तेही ठरवा.

फुलेवाडी_फाटा
ताई तुमच्याकडं अडीच वर्षाच्या मुलाला जागा आहे का? शी-शू सांगतो. फुलेवाडीजवळ असेल तर बरं.

बचतगट_ताई_9
मुद्द्याचं बोलते. पैसे एकीच्या खात्यात आले की काय होतं ते मी बघितलंय. आमच्या गल्लीत वीस जणींची भिशी होती, चौदा वर्षं, एक रुपया इकडचा तिकडं नाही. मग एकदा भिशीतनं तुळजापूरची सहल काढली, गाडीचे पैसे एकीनं भरले आणि वाटून घेताना साडेतीनशे रुपयांवरून अशी जुंपली की भिशीही मोडली आणि हळदीकुंकूही वेगवेगळी झाली. म्हणून सांगते, कंपनीचा चेक यायच्या आधी कागदावर लिहा: मूल आजारी पडून चार दिवस आलं नाही तर पैसे कुणाचे, एकीच्या घरी सुतक पडलं तर तिची मुलं कुणाकडं, आणि त्या दिवसांची फी कुणाला. रजिस्ट्रेशन नंतर.

बिनसाखरेचा_सहकार
हे मात्र ताई बरोबर बोलल्या. ह्यालाच आम्ही उपविधी म्हणतो 🙂

निवृत्त_पर्यवेक्षिका
अंगणवाडीत बरीच वर्षं काम केलंय म्हणून सांगते. कंपनीपुढं "मुलं सांभाळतो" एवढंच म्हणू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत काम सुरू केलं, अंगणवाडी ही कल्पनाच त्यांच्याकडून आली, तेव्हाही लोक म्हणत होते पोरं खेळवायला शाळा कशाला. 2024 मध्ये केंद्राच्या महिला बालविकास खात्यानं 0 ते 3 वयासाठी "नवचेतना" काढलंय, त्यात 36 महिन्यांचं कॅलेंडर आहे, कोणत्या महिन्यात बाळाशी काय करायचं ते. घरातल्या वाट्या-डब्यांत होण्यासारखं आहे. महिन्यातून एका शनिवारी एकीच्या घरी जमा आणि त्यातलं थोडं थोडं वाचा. 19 पैकी 6 येतायत तर 6 जणींत करा. मीटिंग म्हटलं की कुणी येत नाही, शिकायला म्हटलं की येतात, वर कांदेपोहे ठेवा.

पेठेतला_गडी
कांदेपोहे कोल्हापुरात? मिसळ ठेवा मॅडम, 19 च्या 19 येतील.

निवृत्त_पर्यवेक्षिका
दीड वर्षाची पोरं काखेत घेऊन मिसळ खाऊन दाखव बाळा.

आकडेमोड_घाटगेवाडा
सोमवारसाठी: आज-उद्यात प्रत्येकीनं स्वतःच्या आधारवर उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) करून घ्या. सरकारी साइटवर फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. घरात वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर दुकाने-आस्थापना कायद्याखाली नुसती सूचना द्यावी लागते, परवाना नाही. कंपनीला सांगा पहिले तीन महिने प्रत्येकीचं बिल वेगळं घ्या, एका लिस्टला जोडून, तोवर आमची संस्था होते. नाही म्हणाले तर कळेल त्यांना गरज किती आहे.

बिनसाखरेचा_सहकार
दहा सभासद मात्र वेगवेगळ्या कुटुंबातले पाहिजेत बरं का. हितं लोक अडकतात.

चिऊचं_घर
अडकलेच. खरोखर तयार आहेत त्या दहाच, आणि त्यात एक आई आणि तिची बिनलग्नाची लेक आहे, दोघी मिळून एकाच घरी चालवतात. म्हणजे नऊ.

बचतगट_ताई_9
ग्रुपवर 19 आहेत ना, आणखी एक नाही मिळत?

चिऊचं_घर
एक होती. सदर बाजारची. मी काढली तिला ग्रुपमधून दिवाळीत. आम्ही सगळ्यांनी तीन हजार फी ठरवली होती आणि हिनं माझ्याकडचीच दोन मुलं अठराशेला घेतली. राग आला, काढली.

शिफ्टवाली_आई
अठराशेला का घेतली ते विचारलं का कधी? नवऱ्याचं काम गेलं असेल, भाडं असेल. आणि सोमवारी कंपनीनं तिला वेगळं गाठलं तर तुमच्या तीन हजाराचं काय होणार?

चिऊचं_घर
नाही विचारलं.

पेठेतला_गडी
लावा की फोन.

फुलेवाडी_फाटा
माझ्या मुलाचं काय झालं? शी-शू सांगतो हो तो.

चिऊचं_घर
@फुलेवाडी_फाटा आमच्यातल्या एकीचं घर तिकडंच आहे, इनबॉक्स करते.
सदर बाजारला फोन लावला. उचलला. म्हणाली पोरं आत्ताच झोपलीत, तीननंतर बोलू.