काळ्या प्लास्टिकवर पांढरे डाग न पाडणारं वॅक्स आणि पॉलिश कोणतं?

निळी_डिकी
चाकांच्या कमानी, दारांखालची क्लॅडिंग (संरक्षक पट्टी) आणि बंपरचा खालचा भाग न रंगवलेल्या, खरबरीत काळ्या प्लास्टिकचा आहे. रंगावर लिक्विड वॅक्स लावताना कितीही जपलं तरी कडेला प्लास्टिकला लागतंच, आणि वाळलं की पांढरट पट्टा उमटतो. धुतल्यावर जातो, सुकल्यावर पुन्हा हजर! रंगावर बारीक जाळीदार ओरखडे आहेत, त्यामुळे पॉलिशही करायचंय. प्लास्टिकला लागलं तरी डाग राहणार नाही असं काय घ्यावं? आणि आत्ता पडलेत ते डाग कसे काढायचे?

ग्राफाइट_ग्रे
आधी बाटलीच्या मागचं लेबल वाचा. 'क्लीनर वॅक्स', 'वन स्टेप', 'ओरखडे घालवतं' असं काही लिहिलं असेल तर ते निव्वळ वॅक्स नाही, त्यात घासणारी पूड आहे. ही पूड बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची असते, नाहीतर केओलिनसारख्या मातीची, आणि दोन्ही पांढऱ्याच. गुळगुळीत रंगावरून ती कापडाने निघून येते. क्लॅडिंग मात्र बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते आणि तिचा रवाळ पोत साच्यातूनच आलेला असतो. त्या खळग्यांत पूड बसते, पातळ द्रव उडून जातो आणि उरलेलं मेण पुडीला तिथेच धरून ठेवतं. पाण्याने खळगे भरले की डाग दिसत नाही, इतकंच. म्हणजे धुतल्यावर तो जात नाही, लपतो.

पूड नसलेलं शुद्ध कार्नुबा वॅक्सही इथे नकोच. ते साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळतं, त्यामुळे खळग्यात सुकलेलं मेण शाम्पूच्या पाण्याला दाद देत नाही.

घ्यायचं ते पॉलिमरचं सिंथेटिक सीलंट (मेणाऐवजी रंगावर संरक्षक थर देणारं द्रव) किंवा सिलिकावालं स्प्रे सीलंट. पातळ असतात आणि सुकल्यावर पारदर्शक राहतात. लेबलवर 'ट्रिम सेफ' (ट्रिम म्हणजे हेच काळं प्लास्टिक) किंवा 'नॉन स्टेनिंग' शोधा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. बंपरच्या खालच्या, नजरेआड असलेल्या कडेवर एक थेंब चोळा, १५ मिनिटं वाळू द्या, कोरड्या मायक्रोफायबरने पुसा आणि टॉर्च तिरपा धरून बघा. खळग्यांत पांढरं दिसलं तर ती बाटली क्लॅडिंगजवळ न्यायची नाही.

स्प्रे गाडीवर मारू नका, कापडावर मारा. एका दारासाठी दोन फवारे पुरतात. जास्त झालं की सिलिकाही ओघळाच्या रेषा सोडतं.

पॉलिशचं म्हणाल तर प्लास्टिकला चालणारं पॉलिश शोधण्यात वेळ घालवू नका. ओरखडे काढायचे तर पूड लागणारच. तिथे उपाय एकच, टेप.

पॅड_आणि_पट्टी
वरच्याला +१. टेपबद्दल थोडं सविस्तर, कारण घोळ तिथेच होतो.

गाडीच्या रंगकामाची मास्किंग टेप घ्या, कमी चिकट, २४ मिमी रुंद. खोक्याला लावायची तपकिरी टेप अजिबात नको, तिचा गोंद खळग्यात बसला तर वॅक्सचा डाग परवडला. गाडी धुऊन पूर्ण सुकवा, फटीतलं पाणीसुद्धा. ओलसर प्लास्टिकवर टेप धरत नाही आणि तिच्या खालून पॉलिश आत शिरतं. टेपची कड रंग आणि प्लास्टिकच्या फटीत नखाने दाबून बसवा. रवाळ भागावर ती तशीही अर्धवटच चिकटते, म्हणून रुंद कमानींवर दोन पट्ट्या एकमेकींवर चढवून लावा. खिडक्यांची रबरं, वायपरखालची जाळी आणि दारांच्या हँडलमागचं प्लास्टिक विसरू नका.

मशीन वापरणार असाल तर पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरे. पॅड रंगाला टेकवूनच मशीन सुरू करा, नाहीतर सगळीकडे शिंतोडे. फिरता पॅड खरबरीत प्लास्टिकला घासला तर पोत गुळगुळीत होऊन चकाकणारा पट्टा पडतो, आणि तो कशानेही भरून येत नाही. म्हणून शेवटचे दोन सेंटिमीटर मशीन नको, बोटाला मायक्रोफायबर गुंडाळून हाताने करा.

टेप त्याच दिवशी काढा, उन्हात ठेवू नका. काढताना स्वतःवर परत दुमडून हळूहळू ओढा. सीलंट टेप काढल्यानंतर लावा.

निळी_डिकी
धन्यवाद. टेपऐवजी आधी प्लास्टिकवर ट्रिम ड्रेसिंग (प्लास्टिक काळंभोर दिसावं म्हणून चोळतात ते) लावून ठेवलं तर? आणि जुन्या डागांवर टूथपेस्ट किंवा पीनट बटर चालतं असं वाचलं.

ग्राफाइट_ग्रे
ड्रेसिंग आधी लावू नका. पॅड किंवा कापड त्यातलं सिलिकॉन उचलून रंगावर पसरवतं, मग तिथे सीलंट नीट धरत नाही. सगळं काम झाल्यावर लावा.

टूथपेस्टमध्येच पांढरी पूड असते, म्हणजे डागावर आणखी डाग. पीनट बटरमधलं तेल मेण सैल करतं हे खरं, पण ते तेल नंतर तुम्हालाच धुऊन काढायचंय. मेलामाइनचा 'जादूचा' स्पंजही नको, तो पोतच घासून टाकतो.

जुन्या डागांसाठी ऑल पर्पज क्लीनर एकास दहा पाण्यात, आणि मऊ दातांचा ब्रश. मारा, मिनिटभर थांबा, पण सुकू देऊ नका, गोल गोल घासा आणि फेस वर आला की ओल्या कापडाने उचला. फेस नुसता पाण्याने वाहवला तर पूड शेजारच्या खळग्यात जाऊन बसते. तरी राहिलं तर हेअर ड्रायरने प्लास्टिक हाताला चांगलं गरम लागेल इतकं तापवा आणि लगेच पुन्हा घासा. मऊ झालेलं मेण पूड सोडतं. हीट गन नको, एका जागी क्षणभर रेंगाळली तरी पोत वितळतो. पेट्रोल, थिनर तर लांबच ठेवा.

रबरी_कड
घासण्याआधी तो डागच आहे ना, एवढं बघा. काडीच्या टोकाने खरवडल्यावर पांढरी भुकटी निघाली तर वॅक्स किंवा पॉलिश. काहीच निघालं नाही आणि ऊन लागणारा सगळा भाग सारखाच राखाडी असेल तर प्लास्टिकचा रंग उन्हाने उडालाय. त्यावर क्लीनर कितीही मारलात तरी काळं होणार नाही, तिथे ट्रिम कोटिंगच लागेल.

खिडक्यांमधले चकचकीत काळे खांब या नियमात बसत नाहीत. ते गुळगुळीत असल्याने पूड अडकत नाही, पण ओरखडे फार पटकन पडतात. त्यांना मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिश, हातानेच.