मदत हवी आहे : मजुरांच्या लेकरांसाठी इतकी सरकारी खाती एकत्र कशी आणायची?

मंडळी, नागपुरात वाठोड्याकडच्या बांधकामांवर छत्तीसगड, बालाघाटचे मजूर राहतात. लेकरं दिवसभर गिट्टीच्या ढिगावर. लसीकरण महापालिकेकडे, अंगणवाडी महिला व बालविकासकडे, बांधकाम कामगार कल्याण मंडळ आणखी तिसरीकडे. एका कार्यालयात गेलं की दुसऱ्याकडे बोट दाखवतात, काय सांगू बाप्पा!

1996 च्या बांधकाम कामगार कायद्याप्रमाणे (नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली) 50 पेक्षा जास्त बाया कामावर असतील तर साइटवर पाळणाघर लागायचं. इथं एकेका ठेकेदाराकडे मोजक्याच बाया, त्यामुळे तो मुद्दाच उडायचा (सोयीनं उडवायचे, असंही माझं मत). अंगणवाडीतून तीन वर्षांखालच्यांना घरी न्यायचा आहार मिळतो, पण आई कामावर असताना पोरगं सांभाळणार कोण? म्हणून केंद्र सरकारच्या ‘पाळणा’ योजनेतलं अंगणवाडी-सह-पाळणाघर मागायचं ठरतंय.

प्रस्ताव आधी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्यावा, की थेट जिल्हाधिकाऱ्यांच्या अभिसरण समितीसमोर (सगळ्या खात्यांना एकत्र बसवणारी) न्यावा? आणि गावाकडे नोंदलेलं लेकरू पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी अ‍ॅप) इकडच्या अंगणवाडीत आणताना आईकडून नेमकं काय मागतात? कोणी नागपुरात हे केलं असेल तर अर्जाचा नमुना टाका. दिवाळीनंतर नवे मजूर येतात, त्याआधी अर्ज द्यायचा आहे.